माहेरच्या शेतावरून गेली होडी



या खेपेला आंब्यावरच्या तुडतुड्यांविषयी लिहीन असे कबूल केले होते. तो विषय पुढच्या अंकात घेतो. तोवर मोहोर रोज तपासत राहा. पाने चिकट लागू लागली आणि त्यांवर काळी बुरशी धरू लागली, तर तुडतुडे आले असे समजा. आज मात्र मला दुसरेच सांगायचे आहे. माघी पौर्णिमेला मी आणि आमची सौ., दोघे मिळून दिवसभर धरमतरच्या खाडीत होडीने फिरून आलो. नोकरीला तीस वर्षे होत आली, पण दोघांनीच असे कुठे फिरायला जाणे हे पहिल्यांदाच घडले. निघताना मला वाटले होते की हा घरगुती मामला आहे, सदरात लिहिण्याजोगे यात काय असणार! परत आलो तेव्हा वाटले, हे लिहिलेच पाहिजे.

निमित्त असे झाले. आमच्या सौ.चे माहेर खारेपाटातले. पेण आणि अलिबाग तालुक्यांत धरमतरच्या खाडीच्या दोन्ही अंगांना खारे पाणी मातीच्या बांधाने अडवून पिढ्यान्‌पिढ्या भातशेती होत आली, तो मुलूख म्हणजे खारेपाट. तिच्या वडिलांची तिथे साडेचार एकर जमीन. तीन एकर बाहेरच्या बांधाला लागून आणि दीड एकर आतल्या बांधाच्या आड. बाहेरची तीन एकर २००६ साली खाडीने घेतली. सासरे २०११ साली गेले. आता तिचे दोघे भाऊ म्हणतात, जमीन विकून टाकू. रस्त्यांची आणि पुलांची बोलणी सुरू झाल्यापासून त्या बाजूला गिऱ्हाइके फिरतात. २००५ साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हापासून वडिलार्जित शेतजमिनीत मुलीचा हक्क मुलाच्या बरोबरीचा आहे. म्हणून बहिणीचे हक्कसोडपत्र हवे. तो कागद दिवाळीपासून आमच्या कपाटात पडून होता.

सौ. म्हणाली, "सही करायला माझी ना नाही. भावांनी मला कधी परकं केलं नाही. पण जे सोडायचं, ते एकदा डोळ्यांनी बघू तर द्या."

अडचण एवढीच, की त्या तीन एकरांकडे जायला पायवाट उरलेली नाही. जायचे तर खाडीतूनच. म्हणून मी रेवसच्या एका ओळखीच्या नाखव्याला होडीसाठी विचारले. तो म्हणाला, "साहेब, पुनवेला या. उधाणाचं पानी असंल तरच आत जाता येईल."

भरतीचे सोपे गणित

घाटावरच्या वाचकांसाठी इथे दोन शब्द सांगतो. समुद्राला दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. एका भरतीपासून दुसरी भरती साधारण साडेबारा तासांनी. त्यामुळे रोज भरतीची वेळ पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते. आमच्या कोकणात याचा एक जुना ठोकताळा आहे. तिथीचा आकडा घ्या आणि त्याची पाऊणपट करा, जो आकडा येईल तो पूर्ण भरतीचा तास. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून भरती सकाळी सहाला आणि पुन्हा संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास. पौर्णिमेला आणि अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. घड्याळाशी ताडून पाहिले तर अर्धापाऊण तास इकडे तिकडे होते आणि खाडीत आत जावे तसा आणखी उशीर होतो, पण गणित चुकत नाही.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास भरती मोठी असते, तिला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही, त्याला भांग म्हणतात. उधाण आणि भांग हे दोन शब्द लक्षात ठेवा, पुढे कामाला येतील.

खाडीतल्या प्रवासाचा नियमही यातूनच निघतो. आत जायचे ते भरतीच्या पाण्याबरोबर आणि परतायचे ते ओहोटीबरोबर. तेल वाचते, वेळ वाचतो आणि होडी चिखलात बसत नाही.

रेवसहून आत

पहाटेच्या एस.टी.ने आम्ही अलिबागहून रेवसला आलो. सौ.ने तांदळाच्या भाकऱ्या, जवळ्याची चटणी, वालाचे बिरडे आणि नव्या पांढऱ्या कांद्याची जुडी बांधून घेतली होती. धक्क्यावर उभे राहिले की समोर उरणच्या बाजूचे करंजा दिसते. नाखव्याने आम्हा दोघांना फुगवटीची केशरी जाकिटे दिली. मी म्हटले, "खाडीतच तर फिरायचंय." तो काही बोलला नाही, नुसते समुद्राकडे बोट केले. मला कळले. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. या काठच्या कितीतरी गावांत त्या दिवसाची आठवण घरातल्या गोष्टीसारखी सांगितली जाते. मी मुकाट्याने जाकीट घातले. तुम्हीही कधी होडीत बसलात तर लाजू नका, घाला.

साडेआठला निघालो. पाणी भरत होते आणि होडी आपोआप ओढली गेल्यासारखी आत चालली होती. सुरुवातीला खाडी इतकी रुंद, की समोरच्या काठावरची माणसे ओळखू येत नाहीत. मग हळूहळू दोन्हीकडून तिवरांच्या हिरव्या भिंती जवळ येऊ लागल्या. बगळे पाण्यात एका पायावर उभे होते. काठाच्या ओल्या मळईवर निवट्या टुणटुण उड्या मारत होत्या. सौ. एकदम म्हणाली, "लहानपणी आम्ही ह्या हातांनी धरायचो!" आणि मग ती बोलतच राहिली. कुठल्या तळ्यात जिताडा सोडायचे, तो केवढा झाला की काढायचा, पाहुणा आला की आई कुणाला जाळे घेऊन पिटाळायची. खारेपाटात गावतळ्यात जिताडा पाळण्याची रीत जुनी आहे, हे मी पुस्तकात वाचले होते. तो कालवणात कसा लागतो हे मात्र लग्नानंतर कळले.

या पाण्यावर एके काळी फार मोठी वर्दळ होती. रस्ते धड नव्हते तेव्हा मुंबईहून पेण-महाडकडे जाणारा माणूस बोटीने धरमतरला उतरे आणि पुढे बैलगाडीने किंवा मोटारीने जाई. भात, मीठ, गवताचे भारे, भाजी, सगळे गलबतांतून मुंबईला जात असे. धरमतरच्या खाडीला मिळते ती अंबा नदी, आणि तिच्या वरच्या अंगाला नागोठणे हे बंदर होते. तिथे निजामशाहीच्या काळातला दगडी पूल आजही आहे. २०१६ च्या कायद्याने देशातल्या नद्या-खाड्यांचे राष्ट्रीय जलमार्ग ठरवले, त्यात अंबा नदी दहाव्या क्रमांकाची आहे. रेवसजवळच्या समुद्रापासून नागोठण्याच्या एस.टी. स्टँडजवळच्या पुलापर्यंत ४५ किलोमीटर. आज तिच्यावर मुख्यतः डोलवीच्या पोलाद कारखान्याकडे जाणारे मोठे बार्ज दिसतात. आमच्या जवळून एक गेला तेव्हा आमची होडी सुपासारखी हलली आणि सौ.ने माझा दंड घट्ट धरला. तीस वर्षांच्या संसारात तिने असे धरल्याचे मला तरी आठवत नाही.

पश्चिमेच्या काठाला मानकुळे, शहापूर, धेरंड या बाजूची गावे. त्यांच्याच आतल्या अंगाला चरी हे गाव आहे. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी तिथे सभा भरली आणि नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली खोतांच्या जाचाविरुद्ध कुळांनी जमीन कसायचीच नाही असे ठरवले. पंचवीस गावे त्यात होती. १९३९ पर्यंत संप चालला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाठिंबा दिला, १९३७ साली कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक आणले. सहा वर्षे त्या माणसांनी मोळ्या विकल्या, मासळी धरली, पण खोताच्या शेतात नांगर घातला नाही. पुढे कुळकायदा आला, कसणाऱ्याची जमीन झाली. सौ.चे आजोबा त्याच पिढीतले. त्यांना जमीन मिळाली ती अशी, आणि तिच्या भावांच्या हातातला कागद आता ती सोडायचा होता. हे ती बोलली नाही. मीही बोललो नाही.

पाणी वर, शेत खाली

साडेअकराच्या सुमारास पाणी पूर्ण चढले. नाखव्याने इंजिन हळू केले आणि होडी एका चांगल्या बांधाच्या कडेने नेली. "उभे राहून बघा," तो म्हणाला. आम्ही उभे राहिलो आणि मी थक्क झालो. एवढी वर्षे खारेपाटात फिरलो, पण नेहमी जमिनीच्या बाजूने, आणि सोयीने ओहोटीच्या वेळी. पाण्याच्या बाजूने, भर उधाणात, बांध कधी पाहिलाच नव्हता. डाव्या हाताला खाडीचे पाणी काठोकाठ, आणि उजव्या हाताला, बांधापलीकडे, भात कापलेले शेत त्या पाण्याच्या पातळीपेक्षा माणसाच्या कमरेइतके खाली. मध्ये होती ती फक्त माती. वर चार हात रुंद, आणि ठिकठिकाणी चिंबोऱ्यांनी पोखरलेली.

त्या मातीची किंमत किती, ते आकड्यात सांगतो. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असते. एक एकरात एक फूट पाणी भरले, तर त्यात ४० टनांच्या वर मीठ झाले. खाडीत गोडे पाणी मिसळते म्हणून थोडे कमी धरा. तरी आपण एकरी दहा गाड्या शेणखत घातले की फुशारकी मारतो, आणि इथे चार-पाच ट्रक मीठ एका भरतीत फुकट येऊन पडते! पाणी लगेच बाहेर काढले तरी जमिनीत मुरलेले मीठ धुऊन निघायला कोकणच्या पावसातही दोन-तीन पावसाळे जातात. आणि बांध फुटकाच राहिला, तर पाणी दिवसातून दोनदा येतच राहते.

म्हणून जुन्या लोकांनी जोळ नावाची पद्धत ठेवली होती. बांधाच्या कामाला घरटी एक माणूस, ठरल्या दिवशी, आपले घमेले-फावडे घेऊन. मजुरी नाही, मानपान नाही. जो येणार नाही त्याला गाव विचारी. बांध कुणा एकाचा नसतो. माझ्या शेतापुढचा बांध पक्का आणि शेजाऱ्याचा कच्चा, तर पाणी शेजाऱ्याकडून येऊन माझेही भात नेते.

शेतावरून होडी

थोडे पुढे गेल्यावर बांध एकाएकी तुटलेला दिसला. तिथे चाळीस-पन्नास हात रुंद तोंड होते. त्याला खारेपाटात खांड म्हणतात. नाखव्याने इंजिन बंद केले, बांबू हातात घेतला, आणि म्हणाला, "ताई, हीच का तुमची खांड?"

सौ.ने मान हलवली. होडी आत शिरली.

आता आम्ही शेतावरून चाललो होतो. पाण्याखाली शेताचे जुने बांध दिसत होते, सरळ, चौकोनी, हाताने घातलेले. बांबू टेकवला की खाली मळई लागे आणि पूर्वीच्या बांधावर टेकला की टणक लागे. ठिकठिकाणी तिवरे उगवून पुरुषभर उंच झाली होती. तिवराचे बी भरतीबरोबर तरंगत येते आणि जिथे बसते तिथे रुजते. सौ. बोटाने दाखवत होती. "हे आमचं मोठं शेत. इथे आई आवणाला पहिली मूठ लावायची. ते भेंडीचं खोड दिसतंय ना, तिथे खळं होतं." भेंडीचे झाड मिठाने वाळून नुसते पांढरे खोड उभे होते, त्यावर एक खंड्या बसला होता.

इथे मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. वाचकांना सांगण्याआधी त्या दिवशी मी ती होडीत बायकोला सांगितली.

२००६ च्या मे महिन्यात मी सासुरवाडीला गेलो होतो. सासऱ्यांनी मला बांधावर नेले आणि एक भोक दाखवले. चिंबोरीचे भोक, मनगटाएवढे. भरती आली की त्यातून शेताच्या बाजूला गढूळ पाणी येई. "जावईबापू," ते म्हणाले, "दहा पाट्या माती आणि चार माणसं लागतील. पण जोळीला हल्ली कोण येत नाही. पोरं कंपनीत जातात. मी मजूर लावू का?" ती खार खासगी होती. ती सरकारी योजनेत घ्यावी म्हणून गावाने अर्ज केला होता. मी बी.एस्सी. अॅग्री झालेला, खात्यातला माणूस. मी म्हणालो, "मामा, आता तुम्ही पदरचे पैसे घालून दुरुस्त केलंत, तर बांध चांगला आहे असं कागदावर जाईल आणि गावाचा अर्ज मागे पडेल. एवढा पावसाळा थांबा."

हा सल्ला कोणत्या पुस्तकात नव्हता, कोणा वरिष्ठाने सांगितला नव्हता. तो माझा होता. सासरे थांबले. पिठोरी अमावास्येच्या उधाणाला, भात फुटव्यात असताना, त्या भोकाची खांड झाली. पहिल्या दिवशी ती दहा हात होती. पाणी आत जाताना माती नेते आणि बाहेर येताना दुप्पट नेते. दिवाळीपर्यंत ती चाळीस हात झाली आणि मग ती बांधणे गावाच्या आवाक्यातले राहिले नाही. सासऱ्यांनी मरेपर्यंत मला एक शब्द विचारला नाही. मीही विषय काढला नाही.

हे सगळे सांगून झाल्यावर सौ. बराच वेळ पाण्यात बघत होती. मग म्हणाली, "मला माहीत आहे. बाबांनी त्याच वर्षी सांगितलं होतं. आणि वर म्हणाले होते, जावयांना यावरून कधी बोलायचं नाही. थांबा तुम्ही म्हणालात हे खरं. पण थांबलं सगळं गाव. दहा पाट्या माती, अहो! दहा पाट्या!"

नाखवा पाठमोरा होऊन बांबू चालवत राहिला. मला त्याचे बरे वाटले.

आतला बांध

आता पुढचे पाहा. तीन एकरांच्या पलीकडे आतला जुना बांध आहे, आणि त्याच्या आड ते राहिलेले दीड एकर. होडी त्या बांधाला लागली. "अर्धा तास, साहेब," नाखव्याने बजावले, "पानी उतरलं तर इथंच भाकर खावी लागंल रातची." सौ. साडी सावरून बांधावर उतरली आणि चालू लागली. तिची नजर शेताकडे नव्हती, बांधाच्या पायथ्याकडे होती. तिच्या वडिलांची चाल मला आठवली. शंभर पावलांवर ती थांबली आणि मला हाक मारली.

बांधाच्या शेताकडच्या पायथ्याशी अंगठ्याएवढी धार वाहत होती. तिने ओंजळीत पाणी धरून मला दाखवले. पाणी गढूळ होते.

शेतकरी बंधूंनो, हे नीट लक्षात घ्या. मातीच्या बांधातून थोडे पाणी पाझरतेच. पाझर निवळ असेल तर लक्ष ठेवावे. पाझर गढूळ असेल तर त्याचा अर्थ असा, की पाणी बांधाच्या पोटातली माती घेऊन बाहेर पडत आहे. आत पोकळी वाढते आहे. तो बांध बाहेरून कितीही धड दिसला तरी आजारी आहे.

सौ.ने बांधावरूनच मोठ्या भावाला फोन लावला. मी पलीकडचे ऐकत नव्हतो, पण इकडचे ऐकले. "दादा, कागदावर सही करीन. त्याची काळजी नको. पण आधी बांध बांधा. विकायची तर जमीन विका, खाडी विकू नका. आणि येत्या अष्टमीला मी स्वतः येते घमेलं घेऊन."

परतताना ओहोटीने होडी भराभर निघाली. तिवरांच्या सावलीत आम्ही भाकरी खाल्ली. नाखव्यालाही वाढली. सौ. थोडे हसली, म्हणाली, "सहल बरी झाली. पुढच्या वेळी मात्र मला नुसतं फिरायला न्या." मी कबूल केले आहे आणि ते इथे छापून देतो, म्हणजे मोडता येणार नाही.

अष्टमीचे काम

अष्टमीच का, हे आता तुमच्या ध्यानात आले असेल. अष्टमीला भांग असते, म्हणजे पाणी फार चढत नाही. शिवाय भरती सकाळी सहाला आणि संध्याकाळी साडेसहाला, म्हणून ओहोटी बरोबर दुपारी बाराला. सकाळी नऊपासून तीनपर्यंत सलग काम करायला मिळते. जुने लोक खांडी बांधायला भांगच निवडत असत.

माघ वद्य अष्टमीला आम्ही गेलो. दोघे मेहुणे होते, त्यांचे शेजारी होते, आणि आम्ही न बोलावता दुसऱ्या चार घरची माणसे आली, कारण त्यांचीही शेते त्याच बांधाच्या आड. सगळी मिळून तेरा माणसे. मोठा मेहुणा म्हणाला, "भाऊजी, वीस वर्षांत जोळ झाली नव्हती." अडीच वाजता काम संपले. मोजून चौतीस पाट्या माती लागली. पौर्णिमा-अमावास्येच्या पुढच्या दोन्ही उधाणांत बांध कोरडा राहिला. हक्कसोडपत्र अजून आमच्या कपाटातच आहे. मेहुणे म्हणतात, एक पावसाळा भात करून बघू, मग ठरवू. काय ठरवतील ते ठरवोत. पण ठरवायला जमीन तरी शिल्लक आहे.

बाहेरच्या तीन एकरांविषयी खोटी आशा दाखवत नाही. तिथे तिवरे वाढली आहेत, आणि कांदळवन तोडण्याला मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली बंदी घातली व २०१८ च्या निकालात ती कायम केली. एकदा शेतात कांदळवन उभे राहिले की ते शेत परत मिळवणे फार अवघड होते. तेव्हा खांड पडल्या वर्षीच हालचाल करा. आणि हेही सांगतो, की तीच तिवरे आता आतल्या बांधापुढे उभी राहून लाटेचा मारा झेलतात. बांधापुढची तिवरे तोडू नका. त्यात कायद्याचा गुन्हा आहे आणि आपल्या बांधाचेही नुकसान आहे.

खारेपाटातल्या आणि खाडीकाठच्या वाचकांनी पुढील गोष्टी कापून भिंतीला लावाव्यात:

१. वर्षातून दोनदा, माघात आणि पावसाळ्याआधी वैशाखात, पौर्णिमा-अमावास्येच्या भर उधाणात बांधावरून चाला. ओहोटीत चाललात तर काही दिसणार नाही. नजर पायथ्याशी ठेवा.

२. पाझर गढूळ असेल तर त्याच पंधरवड्यातल्या अष्टमीला काम काढा. पुढच्या महिन्यावर टाकू नका.

३. भोक शेताच्या बाजूने नुसते बुजवू नका. पाणी दुसरीकडून वाट काढते. खाडीच्या बाजूचे तोंड शोधा, ते भोक जाईल तिथवर खणून काढा आणि चिकणमाती थराथराने ठोकून भरा.

४. मातीसाठी बांधाच्या पायथ्याशीच खड्डा घेऊ नका. पायथा कमकुवत होतो. माती लांबून आणा.

५. उघाडीची झडप तपासा. ओहोटीला शेतातले पाणी बाहेर गेले पाहिजे आणि भरतीला झडप घट्ट बसली पाहिजे. झडपेत अडकलेले एक लाकूड सगळ्या खारीत मीठ आणते.

६. पहिल्या पावसाचे पाणी शेतात कोंडा, दोन-तीन दिवस मुरू द्या आणि ओहोटीला उघाडीतून सोडा. असे तीन-चार वेळा केले की वरचे मीठ धुऊन जाते. मग आवण किंवा मोड आलेल्या बियाण्याची फेक करा.

७. खाऱ्या जमिनीला साधे बियाणे चालत नाही. आपल्या जुन्या रता जातीचा भात मीठ सोसतो. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने काढलेले पनवेल १, पनवेल २ आणि पनवेल ३ हे वाणही खाऱ्या जमिनीसाठीच आहेत. माती तपासून घ्या आणि मग वाण ठरवा.

८. भात निघाल्यावर जमीन उघडी टाकू नका. उन्हाने खालचे मीठ वर येते. पेंढ्याचे आच्छादन करा.

शेवटी एकच. तुमच्या गावची खार सरकारी असो की खासगी, अर्ज जरूर करा, पाठपुरावा करा, तो तुमचा हक्क आहे. पण अर्ज केला म्हणून घमेले खाली ठेवू नका. भोक दिसेल त्या दिवशी ते दहा पाट्यांचे असते. आणि माझ्यासारख्या कोणा शिकलेल्या माणसाने "थांबा" म्हटले, तर त्याला भर उधाणाच्या वेळी बांधावर उभे करा आणि मग विचारा.

पुढच्या अंकात नक्की तुडतुडे.